नावाचा रकाना

संध्याकाळी साडेसहाला माझा फोन वाजायचा. दिवाळी ते गुढीपाडवा, रोज. आणि रोज मी कपाळाला हात लावून म्हणायचो, "आली बघा बाई!" म्हणायचो कुणाला, तर भिंतीला. त्या खोलीत माझ्याशिवाय दुसरं कुणी नसायचंच.

खोली म्हणजे बीडमधल्या आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, सर्व्हर ठेवायची जागा. खिडकी नाही. दोन एसी, एक कपाटभर सर्व्हर, एक टेबल, एक खुर्ची. पूर्वी दुसरी खुर्ची होती. परीक्षेच्या दिवसांत कुणीतरी ती खाली नेली, ती काही परत आली नाही, आणि मीही मागितली नाही. बसणार कोण होतं तिच्यावर? लोकांना माझी आठवण व्हायची ती काही उघडेनासं झालं की. उघडलं की विसरले. मी कामाला आहे हे शिपायालासुद्धा ध्यानात नसायचं. दोनदा तो मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून गेला.

माझं काम पाहुण्यांना सांगायला बसलं की ते जांभया द्यायला लागतात, म्हणून थोडक्यात सांगतो. संस्थेच्या शाळा, कॉलेजं, वसतिगृहं, यांत जेवढी माणसं कामाला, त्या सगळ्यांची नोंद सर्व्हरवर एका ठिकाणी असते. तिला डिरेक्टरी म्हणतात. कोण माणूस, कोणत्या गटातला, त्याला काय काय उघडायची मुभा, सगळं तिच्यात. सकाळी कुणी कॉम्प्युटरवर नाव आणि पासवर्ड टाकला की कॉम्प्युटर आधी डिरेक्टरीला विचारतो, हा आपल्यातला आहे का? ती हो म्हणाली तर दार उघडतं. नाही म्हणाली तर तुम्ही वीस वर्षं नोकरी केलेली असो नाहीतर चाळीस, तुम्ही बाहेर. ती डिरेक्टरी सांभाळायची, हे माझं काम.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन नांदेडला. ती दर रविवारी फोन करते, पण तिच्या फोनला घाई असते, आणि दोन लेकरांच्या आईला ती असायचीच. रविवारी विहारात वंदनेला जायचं मी हळूहळू बंद केलं. तिथल्या बाया "कसे हाव भाऊ?" विचारताना मान एका बाजूला कलती करतात, ते मला सोसवायचं नाही. सरळच सांगतो, मी लई एकटा पडलो होतो. आणि एकटा माणूस खवट होतो. कुणी गोड बोललं तरी त्याला वाटतं, याचं काहीतरी काम असणार.

तर साडेसहाचा फोन. तो यायचा पाटोद्याकडच्या एका गावातून.

आमच्याकडं दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. माणसं टोळ्या करून ऊस तोडायला जातात, खाली कारखान्यांच्या मुलखात नाहीतर कर्नाटकात, आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. त्यांची लेकरं शाळेत राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात. शाळेच्याच दोन खोल्या, दोन वेळचं जेवण, झोपायला सतरंज्या, आणि सगळं सांभाळायला एक बाई. संस्थेच्या अशा वसतिगृहांपैकी एकावर ही मावशी होती. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल फार तर, पण सगळे तिला मावशीच म्हणायचे. रोज संध्याकाळी लेकरांची हजेरी तिला टॅबलेटवर भरून पाठवावी लागायची. हजेरी आली नाही की दुसऱ्या दिवशी शिधा कुणाच्या नावानं काढायचा म्हणून वरून विचारणा. आणि टॅबलेट काही मावशीला सहजासहजी दाद द्यायचा नाही.

"सायब, उघडंना बगा ह्ये."

"काय दाबलंत मावशी?"

"तुमी सांगितलं त्येच."

"मी काय सांगितलं होतं?"

"आता घ्या! त्ये माज्या ध्यानात असतं तर तुमाला कशाला तरास दिला असता?"

मग मी एकेक अक्षर सांगायचं, तिनं एका बोटानं ते हुडकायचं. "गावलं. दाबलं. फुडं?" मोठ्या लिपीतलं पहिलं अक्षर दर वेळी छोटं पडायचं. मी चिडायचो. "मावशी, मला दुसरी कामं न्हाईत का?" खरं म्हणजे नव्हती. शेवटी एकदाचं उघडायचं, आणि मला वाटायचं सुटलो, तर ती फोन ठेवायचीच नाही. आज पिठलं केलतं, लेकरांनी लई खाल्लं. एकाला ताप हाय, रात्रभर आईच्या नावानं रडला. मग मला विचारायची, तुमी काय केलं जेवायला?

"खिचडी."

"रोज खिचडी? आजारी हायसा का काय?"

"एकट्याला काय करत बसू?"

"आवं, एकटं असलं म्हनून काय झालं? तोंड एकच आसतंय समद्यास्नी."

या बोलण्यावर मी हसलोही होतो, पण आवाज न करता. तिला कळू दिलं नाही. का कळू दिलं नाही, कोण जाणे.

एका संध्याकाळी पासवर्ड पहिल्याच फटक्यात लागला. तरी तिनं फोन केला होता, उघडलं म्हणून सांगायला. त्या दिवशी ती बोलली. तीस वर्षं तिनं ऊस तोडला होता. उसाच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला टोळीत कुणी घेत नाही, घेतला तर अर्धा कोयता म्हणून. तिच्या नवऱ्याच्या मणक्यात गॅप पडलेला. वसतिगृहाचं काम मिळाल्यापासून दोघं गावातच राहत होते. ती लेकरांचं बघायची, तो दोन शेळ्या राखायचा.

"ह्ये काम हाय तवर आमी दोगं गावात हाव, सायब," ती म्हणाली. "ह्ये गेलं की मला त्येस्नी घिऊन परत फडात हुबं ऱ्हावं लागल. आन् या बारीला त्ये तितनं हुब्यानं यायचे न्हाईत."

मी म्हणालो, "काम कशाला जातंय मावशी? मी आहे की इथं."

सहज म्हणालो. म्हणायला काय लागतं?

त्याच वर्षी श्रावणात खालच्या मजल्यावरच्या व्यवस्थापकांनी मला बोलावलं. मी इतक्या दिवसांनी खाली गेलो की त्यांना आधी मी नळ दुरुस्तीवालाच वाटलो.

"आपल्या त्या डिरेक्टरीत मेलेली माणसंसुद्धा आहेत म्हणे?"

"आहेत साहेब. रिटायर झालेलीही आहेत. सोडून गेलेली आहेत."

"मग काढा की. भुतं सांभाळायला आहे का संस्था? कोणत्या गटात कोण, याची यादी काढून मला द्या, आणि नको ती नावं उडवा."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, कित्येक महिन्यांत कुणी मला काम सांगितलं नव्हतं.

गट शेकड्यानं. एकेक उघडून हातानं नावं उतरवायची तर दिवाळी उजाडली असती. मी स्क्रिप्ट लिहायला घेतली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेले हुकूम, ओळीनं: या गटात कोण आहे विचार, उत्तर येईल ते लिहून ठेव, मग पुढच्या गटाकडं जा. पहिल्यांदा चालवली आणि वसतिगृह विभागात सदस्य किती म्हणून बघितलं, तर पाच. वसतिगृहं इतकी, आणि माणसं पाच? नीट पाहिलं तर ते पाच सदस्य म्हणजे पाच तालुके होते. गेवराई एक सदस्य, पाटोदा एक सदस्य. स्क्रिप्टला वाटलं, पाटोदा हा एक माणूसच आहे आणि तो आमच्याकडं कामाला आहे! मी खुर्चीतच खो खो हसलो. मग सवयीनं मागं वळून बघितलं, कुणाला सांगावं म्हणून. मागं एसी होता.

गटाच्या पोटात गट, त्याच्या पोटात आणखी गट. मग मी स्क्रिप्टला शिकवलं: सदस्य जर स्वतःच गट निघाला तर त्याच्या आत शिर, आणि आत गेल्यावरही हेच कर, माणूस लागेपर्यंत थांबू नको. दुसऱ्यांदा चालवली आणि काय सांगू, पडद्यावर माणसंच माणसं. तालुक्यातून गाव, गावातून शाळा, शाळेतून शिपाई, सगळे ओळीनं खालून वर सरकत होते. दोन दिवस मी जेवायचं विसरलो. इतकी माणसं आपल्या ताब्यात आहेत हे बघून माझी छाती फुगली होती. चार वर्षांत त्यांतल्या चौघांचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं, ते वेगळं.

आता त्यातली मेलेली कोणती हे ओळखायचं होतं. त्यासाठी एक अट घातली. गेल्या तीन महिन्यांत ज्यानं एकदाही लॉगिन केलेलं नाही, तो गेला असं समज. ही अट मी इंटरनेटवरच्या एका परदेशी माणसाच्या लेखातून जशीच्या तशी उचलली. त्याच्या मुलखात माणूस तीन महिने कामावर दिसला नाही तर तो कायमचाच गेला, असं असेल. माझ्या मुलखात काय असतं, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही.

व्यवस्थापकांना यादी कागदावर पाहिजे होती. छापायला गेलो तर रकाने बसेनात. कर्मचारी क्रमांक, नाव, गट, शेवटचं लॉगिन. नावं आपल्याकडं लांबलचक, माणूस, बाप, आडनाव. एकेक ओळ दोन ओळींवर जायची आणि कागद बेंगरूळ दिसायचा. मी म्हटलं, क्रमांक आहे की. मग नाव कशाला? स्क्रिप्टमधून एक शब्द काढला. यादी कशी ठसठशीत, एका ओळीत एक माणूस. व्यवस्थापकांनी चष्मासुद्धा न लावता सही ठोकली.

असली अकाउंट आधी नुसती बंद करायची, महिना-दोन महिने वाट बघायची, कुणी ओरडलं नाही तरच काढून टाकायची, हा आमच्या धंद्यातला साधा नियम आहे. मी तो दुसऱ्यांना शिकवलेला आहे. त्या दिवशी मी म्हटलं, कोण ओरडणार? मेलेली माणसं? काढून टाकायची आज्ञा दिली आणि चहाला गेलो. चहा पिऊन आलो तोवर सगळं झालं होतं.

दिवाळी झाली, वसतिगृहं उघडली, आणि पहिल्याच दिवशी सकाळी फोन. चकलांब्याकडच्या वसतिगृहावरची एक तरुण बाई. तिनं नमस्कार-बिमस्कार काही केला नाही.

"ओ सर, कावून काढलं आमाला? काय चुकलं आमचं, त्ये तरी सांगा!"

"कुणी काढलं तुम्हाला?"

"मला काय म्हाईत? उघडतच न्हाई की!"

तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. वसतिगृहं पाडव्याला बंद होतात. पाडव्यापासून श्रावणापर्यंत त्या बायांनी लॉगिन करायचं कशाला? त्या मेलेल्या नव्हत्या, सोडून गेलेल्या नव्हत्या, आपापल्या गावात खुरपायला जात होत्या आणि दिवाळीची वाट बघत होत्या. आणि माझ्या स्क्रिप्टनं एका झटक्यात सगळ्यांना भुतांत काढलं होतं.

"अरे गाढवा!" मी मोठ्यानं म्हणालो. परदेशातल्या माणसाला नव्हे, स्वतःला. त्याला काय ठाऊक असणार? मला तर ठाऊक होतं. माझं गावही चकलांब्याच्याच अंगाला. माझे आईबाप टोळीबरोबर जायचे आणि लहानपणी मीही त्यांच्याबरोबर. दर साली थंडीत गुरुजी हजेरीपटावर माझ्या नावावर लाल रेघ मारायचे, आणि दर साली जूनमध्ये मी दारात जाऊन उभा राहायचो, "गुरुजी, मी आलोय." गुरुजी म्हणायचे, "आता कुठं लिहू तुला? नाव कापलंय तुझं." तिसरीपर्यंत हे असंच चाललं. त्या रेघेचा मला इतका राग होता की ती मारणाऱ्याचा हात मी आजही डोळ्यांपुढं आणू शकतो. तरी मी तेच केलं, एसीत बसून केलं, आणि वर चहा प्यायलो.

काढलेलं अकाउंट काही महिने डिरेक्टरीच्या कचऱ्याच्या पेटीत पडून असतं, तिथून ते परत काढता येतं. माझं नशीब चांगलं म्हणायचं. पाच मिनिटांत सगळ्या बाया आपापल्या गटांत परत. सगळ्यांना सांगितलं, सिस्टिममध्ये बिघाड होता. पाटोद्याच्या मावशीचं अकाउंटही मी तेव्हाच परत आणलं, आणि ठीक झालं का म्हणून दोनदा तपासलं. तिचा फोन तेवढा आला नव्हता. म्हटलं, संध्याकाळी येईल. आता सगळ्या बायांत हीच मला जास्त फाडून खाणार, अशी मनाची तयारी करून बसलो. दुपारी कधी नव्हे ती शिपायाला चांगल्या दोन शिव्या दिल्या, एवढा मी खुशीत होतो.

साडेसहा वाजले. पावणेसात झाले. सात वाजता मी फोनला रेंज आहे का बघितलं. रेंज होती.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाटोद्याची हजेरी मात्र रोज वेळेवर येत होती, मी बघत होतो. म्हणजे टॅबलेट उघडत होता. म्हटलं, शिकली म्हातारी! इतकं डोकं खाल्लं माझं, शेवटी शिकली. आणि याचा आनंद व्हायचा तर मला राग यायला लागला. उघडलं म्हणून एकदा सांगायला काय जात होतं? गरज होती तोवर साहेब, साहेब. मीही ताठ. आपण कावून करायचा फोन? तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, "पाटोदा पासवर्ड" या नावानं. रोज साडेसहाला मी तो काढून बघायचो आणि फोन टेबलावर पालथा घालायचो. तीन आठवडे हे चाललं. पन्नाशी उलटलेला बाप्या, आणि वागणं बघा.

शेवटी एका दुपारी मी फोन केला नाहीच, स्क्रिप्टला विचारलं. माणसाला विचारायची हिंमत नसली की मी मशीनला विचारतो, ही माझी जुनी खोड आहे. मावशीच्या वसतिगृहाच्या गटात कोण कोण आहे सांग, नावासकट, आणि शेवटचं लॉगिन कधीचं. दोन ओळी आल्या. एक कुणातरी नव्या बाईची (नवी नावं खालच्या मजल्यावरून भरतात, मला कुणी सांगत नाही), काल संध्याकाळचं लॉगिन. दुसरी मावशीची. तिच्यापुढं तारीख होती पाडव्याच्या आधीची.

रविवारी मोटारसायकल काढली. मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याकडं वळलो. वाटेतल्या गावांत निम्म्या घरांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं ऊन खात बसलेली. शाळा सापडली. वसतिगृहाच्या खोलीत नवी बाई लेकरांच्या वेण्या घालत होती. मी बीडच्या ऑफिसातून आलोय म्हटल्यावर ती घाबरून उठली. मी म्हटलं, बसा, मला फक्त आधीच्या मावशींचं विचारायचंय.

"त्या आल्त्या की सर. दिवाळीच्या आदीच आल्त्या," ती म्हणाली. "दर साली तशा येतेत म्हनं. खोल्या झाडल्या, सतरंज्या धुतल्या, चूल सारवली. मंग जाता जाता टॅबलेट लावून बगितला, उघडतंय का म्हनून. उघडलं न्हाई. जरा येळ बसल्या तितं उंबऱ्यात, आन् चाव्या हेडसरकडं दिऊन गेल्या. दिवाळी झाली तशी टोळीची गाडी हुती, तिच्यात दोगंबी गेले. हेडसर म्हनले, त्यांचं वरनंच नाव कमी झालंय. मंग मला घेतलं."

"टॅबलेटवर काय आलं होतं, काही सांगितलं का त्यांनी?"

"'आपले नाव या यादीत नाही.' आसं आल्तं म्हनं."

ते वाक्य माझं होतं. पूर्वी तिथं इंग्रजी वाक्य यायचं आणि बायांना ते लागायचं नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच बसून सगळी वाक्यं मराठीत केली होती. चांगलं, शुद्ध मराठी. त्या नव्या बाईची तरी काय चूक? तिनं चहा ठेवते म्हटलं, मी नको म्हणालो आणि शाळेच्या मागं जाऊन उभा राहिलो. आता फोन करण्यावाचून सुटका नव्हती.

पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा बराच वेळ वाजला आणि मग तिनं उचलला. मागं वारं होतं आणि बायांचा गलका.

"सायब? तुमी व्हय!" तिचा आवाज इतका आनंदाचा होता की मी शाळेच्या भिंतीला टेकलो. "बरे हायसा न्हवं?"

"मावशी, कुठं आहात तुम्ही?"

"फडात. दुसरं कुटं असनार?"

"मालक कसे आहेत?"

"हितं पाचटाच्या कोपीत पडून हायेत. आट दिस झाले, कंबर धरलीय. मीच तोडती, मीच बांदती. मुकादम वरडतोय, पर त्यो तरी काय करनार, अर्दा कोयता झाला की त्येचा." ती हे असं सांगत होती जसं पिठलं केलतं सांगायची.

मी घाईघाईनं म्हणालो, "मावशी, तुमचं नाव परत घेतलंय. यादीत आहे तुमचं नाव. या तुम्ही परत."

"मदीच सोडून कसं येता यील सायब? टोळीत आलो की आता, पाडव्याबिगर सुटका न्हाई. आन् तितं दुसरी बाई घेतली न्हवं? तिच्या पोटावर पाय दिऊ का मी?"

मी विचारलं, "मला एक फोन का नाही केलात? रोज करायचात की. नेमका तेव्हाच का नाही केलात?"



"कसा करनार? तुमाला वरनं सांगितलं आसल, हिचं नाव काडा म्हनून. तुमी तरी काय करनार, नोकरमानूस. मी फोन केला असता तर तुमालाच वंगाळ वाटलं असतं. काय सांगावं आन् काय न्हाई, आसं झालं असतं तुमाला. म्हनलं, नगं त्येस्नी कोड्यात घालायला."

ती मला सांभाळून घेत होती. उसाच्या फडात उभी राहून, नवरा कोपीत पडलेला असताना. मी नुसतं "हो मावशी, वरूनच आलं होतं" म्हटलं असतं तरी सगळं मिटलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, हे मी लपवत नाही. कागदावर व्यवस्थापकांची सहीही होती. पण तिला तरी खोटं सांगायचं नाही, एवढं मला त्या घटकेला उमगलं.

"मावशी," मी म्हणालो, "वरून कुणी तुमचं नाव सांगितलं नव्हतं. माझ्याच हातून झालं. लांबलचक यादी होती, मी एकदम काढून टाकली."

पलीकडं कुणीतरी तिला हाक मारत होतं, मोळी उचलायला. मला वाटलं ती आता शिव्या देईल, आणि खरं सांगतो, तिनं त्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. पण तिच्या आवाजात राग नव्हताच.

"मंग येकदा वाचायचं तरी हुतं, सायब," ती म्हणाली. "दोनच अक्षरांचं नाव हाय माजं."